आरोग्यदानाचे व्रती : डॉ. भाऊ दाजी लाड

आज आश्विन वद्य त्रयोदशी. सायंकाळी यमदीप दक्षिणाभिमुख लागेल, धने-गुळाचा नैवेद्य होईल, वैद्यांच्या घरी भगवान धन्वंतरीचे पूजन होईल. या तिथीस आम्ही कीर्तनात बहुधा समुद्रमंथनाचे आख्यान लावतो. अमृतकलश वर येताच श्रोते सुखावतात. परंतु तो कलश कोणाच्या ओठी लागला, हा त्या कथेतील खरा प्रश्न होय. तो प्रश्न ज्यांनी आयुष्यभर मनी वागविला, अशा मुंबापुरीतील एका भिषग्वर्यांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे नाव. जगाने त्यांना भाऊ दाजी म्हणून ओळखले. जन्म इ. स. १८२२ च्या सुमारास, गोमंतकातील मांद्रे गावी. घरची स्थिती बेताची. वडील मुंबईस येऊन मातीच्या बाहुल्या विकीत व त्यावर संसार चालवीत. मुलाचे बुद्धिबळातील नैपुण्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्यास इंग्रजी शिकविण्याचा आग्रह धरला आणि दैवाने वळण घेतले. एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले व तेथेच अध्यापकही झाले. पुढे १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय निघताच त्यांनी तेथे प्रवेश घेतला आणि पहिल्या पदवीधरांत स्थान मिळविले.

१८५१ पासून त्यांनी मुंबईत व्यवसाय आरंभिला. त्यात यश अपार लाभले. पण कोकणातून व देशावरून पोटासाठी आलेल्या माणसाची एक दिवसाची मजुरी बुडाली तरी घरी चूल पेटत नसे. त्याने वैद्याचे मानधन कोठून द्यावे? म्हणून भाऊंनी, वैद्यकच शिकलेले बंधू नारायण दाजी यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालविला. तेथे गरिबास औषध विनामूल्य मिळे.

विद्वत्तेतही ते तोलामोलाचे होते. अजिंठ्याचे शिलालेख, कालिदास व आर्यभट यांचा काळ, यांवर त्यांनी संशोधन केले. देवगिरीच्या यादवांचे मंत्री हेमाद्री यांच्याविषयीही त्यांनी लिहिले. त्याच हेमाद्रींच्या दानखंडात आरोग्यशाळेच्या दानाचा महिमा आहे. चारही पुरुषार्थ आरोग्यावर उभे असल्याने आरोग्य देणारा सर्वच देतो, असा त्याचा आशय. भाऊंच्या ठायी ग्रंथ आणि आचार यांचा असा संगम झाला होता.

संस्कृत वैद्यकग्रंथांतील औषधींचा गुण ते स्वतः पडताळून पाहात. आप्तांनीही दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांवर त्यांनी कडू कवठाच्या बियांच्या तेलाचे प्रयोग केले. द्रव्याचे नाव मात्र त्यांनी दीर्घकाळ गुप्त ठेवले, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. अमृत झाकून ठेवण्याचा हा दोष चरित्रकाराने लपवू नये. १९४० नंतर सल्फोन औषधे आली व अशा तेलांची जागा त्यांनी घेतली; आज तर कुष्ठरोग औषधांनी पूर्ण बरा होतो.

१८६९ व १८७१ मध्ये मुंबईचे नगरपाल, म्हणजे शेरीफ, होण्याचा मान त्यांना मिळाला. तत्पूर्वी १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात त्यांची संपत्ती गेली होती. अखेरीस अर्धांगवायूने शरीर खचले आणि १८७४ च्या मे महिन्यात त्यांनी देह ठेवला. भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयास १९७५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले.

लक्ष्मी चंचल आहे, हे आम्ही कीर्तनातून नित्य सांगतो. भाऊंच्या चरित्रात ते प्रत्यक्ष दिसते. एका दात्याच्या कनवटीवर चालणारा दवाखाना त्याच्या दैवाबरोबर डळमळतो. अनेकांच्या मुठीमुठीने उभा राहिलेला टिकतो. म्हणून आज सोन्याच्या खरेदीतून थोडे बाजूस काढावे आणि आपल्या गावच्या धर्मार्थ दवाखान्यात कोणा अनोळखी रुग्णाच्या औषधासाठी ते ठेवावे. धन्वंतरीच्या कलशातील एक थेंब त्याच्या ओठी लागेल. यमदीप दारात लावताना एवढा संकल्प अवश्य व्हावा.