जात्यापाशी बसलेली सरस्वती

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी चक्क नाही म्हणून कळवले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लिहायचे म्हणजे वाणसामानाची यादी नि दुधाचा हिशेब, ह्यापलीकडे हात गेलेला नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले, की जिने जन्मात पाटीवर एक अक्षर गिरवले नाही, तिची गाणी आज कॉलेजात शिकवतात. मग तिच्याविषयी चार शब्द लिहायला सातवी काही थोडी नाही. म्हणून बहिणाबाई चौधरी ह्यांचे चरित्र मला जमेल तसे सांगते. भगिनींनी गोड मानून घ्यावे.

खानदेशात जळगावजवळ आसोदे नावाचे गाव आहे. तिथल्या महाजनांच्या घरी १८८० साली नागपंचमीच्या सणाला बहिणाबाईंचा जन्म झाला. वडिलांचे नाव उखाजी, आईचे भीमाई. तीन भाऊ, तीन बहिणी, शेतीभाती, गुरेढोरे असे भरले घर होते. शाळेचा प्रश्नच नव्हता. त्या काळी खेड्यातल्या मुलीला शाळा कोण दाखवणार? पण शिकायचे ते त्या शिकल्याच. देवळातली भजने, कीर्तने, पंढरीच्या दिंड्या, पोळा, गुढीपाडवा, आणि खानदेशातल्या लेकींचा सर्वांत लाडका सण जो आखजी, त्या दिवसांतले झोके नि झोक्यावरची गाणी. आखजी म्हणजे अक्षय्यतृतीया. आमच्याकडे ह्या सणाला सासुरवाशिणी माहेरी येतात. मी स्वतः खानदेशातली, म्हणून सांगते, आखजीच्या झोक्यावर बसलेली मुलगी मुकी राहूच शकत नाही. तोंडात शब्द आपोआप येतो, नि त्याला दुसरा शब्द जुळतो.

तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथूजी खंडेराव चौधरी ह्यांच्याशी झाले. माहेर जवळ, पण सासर ते सासर. मोठे एकत्र कुटुंब, शेत, खळे, माणसांचा राबता. पहाटे उठून दळण, मग पाणी, चूल, शेतावरची भाकर, दुपारी शेतात, संध्याकाळी पुन्हा चूल. मुलगी काशी, मुलगे ओंकार नि सोपान. बाकी सांगण्यासारखे काय? तुमच्या-माझ्या आज्यांचे जसे गेले तसेच त्यांचे दिवस गेले.

पण ह्या कामांतच त्यांची गाणी होती, आणि इथे मला थोडे थांबायचे आहे. पुष्कळजण म्हणतात, बहिणाबाईंना दैवी देणगी होती, आणि तेवढे म्हणून हात जोडून मोकळे होतात. देणगी होतीच. पण नुसत्या देणगीने काय होते? विहिरीला पाणी असले तरी शेंदावे लागते. बहिणाबाई रोज शेंदत होत्या.

ज्यांनी जाते ओढले नसेल त्यांना सांगते. जात्याच्या दोन तळ्या असतात. खालची स्थिर, वरची फिरती. वरच्या तळीला लाकडाचा खुंटा. डाव्या हाताने मूठ मूठ दाणे तोंडात घालायचे, उजव्याने खुंटा ओढायचा. हात एका लयीत फिरला तरच पीठ बारीक पडते. लय बिघडली की भरड निघते आणि खांदाही भरून येतो. म्हणून बायका गात. ओवीचा एक चरण म्हणजे जात्याचे एक-दोन फेरे. गाण्याने श्वास बांधला जाई, श्वासाने हात, आणि शीण कमी वाटे. बहिणाबाईंच्या गाण्यांची चाल बहुतेक हीच आहे. त्या कागदावर विचार करून रचलेल्या कविता नव्हेत. हात फिरताना त्या तोंडातून पडल्या. त्यांच्या बोलीत जात्याला घरोट म्हणतात, आणि घरोटावरच त्यांचे एक गाणे आहे.

पण जाते फार गोड होते, असेही मी म्हणणार नाही. माझ्या आजीची पाठ त्या जात्यानेच वाकली. गिरणी आली हे बायकांवर उपकारच झाले. तरी एक गोष्ट मला खरी वाटते. पहाटे जात्यावर बसलेल्या बाईला घरात कोणी हाक मारत नसे. ती कामात आहे, हे सर्वांना घरघरीवरून कळे. त्या घटकाभरात ती काय गाते, कोणाची तक्रार करते, कोणाला आठवते, हे विचारायला कोणी येत नसे. तेवढा वेळ तिचा होता. गिरणीने दळण नेले तेव्हा तो वेळही बरोबर नेला. त्याच्या जागी आपण काय ठेवले, ते मला अजून सापडलेले नाही.

बहिणाबाई जे बघत त्याचेच गाणे करीत. सुगरण पक्ष्याने झाडाला टांगलेले घरटे त्यांनी पाहिले, आणि एवढ्याशा चोचीने ते कसे विणले ह्याचे त्यांना नवल वाटले. खळ्यावर उपणणी चालू असताना वारा पडला, तर त्या वाऱ्याला आर्जव करीत. पेरणी, कापणी, मोट, पोळा, पंढरीची दिंडी, जळगावात आलेला छापखाना, कशाचेही त्यांना वावडे नव्हते. ओली लाकडे घातलेली चूल पेटत नाही, डोळ्यांत धूर जातो, तुमचा-माझा तर त्या वेळी संतापच होतो. त्यांनी त्या चुलीवरही गाणे केले. नुसत्या मनाविषयी त्यांनी जे रचले आहे, ते वाचून मोठमोठे विद्वान माना डोलावतात. मनाला त्यांनी शेतात शिरणाऱ्या गुराची उपमा दिली. शेतकऱ्याच्या बाईला ते गुरू हाकलून हाकलून किती दमायला होते, हे ज्याला माहीत त्यालाच ही उपमा सुचणार.

आता त्यांच्या आयुष्यातला कठीण भाग. वयाच्या तिशीच्या सुमारास नथूजी वारले. पदरात तीन मुले, धाकटा सोपान अगदी लहान. त्या काळी विधवा बाईचे जिणे कसे असे, हे इथे सांगायला नको. त्याच काळात खानदेशात प्लेगच्या साथी येत होत्या. ओंकार त्या आजारातून वाचला, पण कायमचे अपंगत्व घेऊन. प्लेगवरही बहिणाबाईंचे गाणे आहे. ह्या सगळ्यात त्यांनी हाय खाल्ली नाही. शेत सोडले नाही नि मुलांना उघडे पडू दिले नाही. आपल्या वैधव्याचेही त्यांनी गाणे केले. ज्योतिषाला त्यांनी हात दाखवायचे नाकारले, कारण दैवात काय लिहिले आहे ते कपाळावरच्या पुसलेल्या कुंकवाने त्यांना आधीच सांगितले होते. ते गाणे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा हातातली कढई गॅसवरून उतरवून ठेवली आणि खाली बसले. रडगाणे असते तर एवढे लागले नसते. ती बाई रडत नाही, स्वतःच्या जिवाशी बोलते, त्याला समजावते, आणि उठून कामाला लागते.

इथे माझे स्वतःचे थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. तीन वर्षांमागे मला झोप लागेनाशी झाली. छातीत धडधड, कशात लक्ष नाही. डॉक्टरांनी सगळे तपासले, औषध दिले, आणि मन कशाततरी गुंतवा असा सल्ला दिला. मन गुंतवायला घरात काय कमी होते? सकाळचे डबे, सासूबाईंची पथ्ये, मुलांच्या परीक्षा. त्यांतच तर ते गुंतून गुंतून गाठ झाले होते. त्या दिवसांत वाचनालयातून बहिणाबाईंच्या गाण्यांचे पुस्तक आणले. मी काही कवयित्री झाले नाही, हे आधीच सांगते. पण पोळ्या लाटताना जे मनात साचलेले असे ते ओवीच्या चालीवर पुटपुटायची सवय लागली. यमक जुळो न जुळो. लाटण्यालाही लय असते, हे मला त्या वेळी कळले. औषधही चालू होतेच, त्याचे श्रेय मी नाकारत नाही. पण डॉक्टरांकडच्या फेऱ्या हळूहळू कमी झाल्या, एवढे खरे.

बहिणाबाईंच्या गोष्टीतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र त्यांच्या मुलाचा आहे. सोपान शाळेत शिकू लागला. पुढे हेच सोपानदेव चौधरी नावाजलेले कवी झाले. शाळकरी वयात त्यांनी एकदा पाठ्यपुस्तकातली सावित्री-सत्यवानाची कथा आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तो आईने त्या कथेचे गाणे करून ठेवलेले. मुलगा चकित झाला, आणि एका वहीत आईची गाणी उतरवून घेऊ लागला. त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी ह्यांनीही अशीच गाणी टिपून ठेवली. ह्या दोघांनी हे केले नसते, तर आज बहिणाबाई हे नाव चौधरी वाड्याबाहेर कोणाला ठाऊक झाले असते? जे त्यांच्या कानांवर पडले ते उरले. त्याआधी नि त्याखेरीज जे गायले गेले ते किती होते, ह्याचा हिशेब कोण देणार! ती गाणी दळणाबरोबर, खळ्यावरच्या भुश्याबरोबर वाऱ्यावर गेली.

आपल्या घरांतही बाई गुणगुणते, रांगोळी काढते, गोधडीला चार टाके वेगळे घालते. कौतुकाचे भाषण कोणी करावे असे तिला वाटत नाही. एकाने थांबून ऐकावे, बघावे, एवढे पुरते. बहिणाबाईंना तेवढे मिळाले.

३ डिसेंबर १९५१ रोजी जळगावला बहिणाबाई वारल्या. त्या वेळी त्यांचे एकही गाणे पुस्तकात आलेले नव्हते. नंतर सोपानदेवांनी ती वही भीतभीतच आचार्य अत्र्यांना दाखवली. आपल्या अडाणी आईची गाणी लोकांना आवडतील की नाही, अशी त्यांना धाकधूक होती म्हणतात. अत्र्यांसारखा पारखी माणूस! त्यांनी ती वाचली मात्र, आणि हे धन लोकांपुढे आलेच पाहिजे असा आग्रह धरला. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. पुढे १९६१ साली ‘मानिनी’ हा बोलपट आला. त्यात बहिणाबाईंची गाणी वसंत पवारांनी चालींत बांधली. मग ती घरोघर, अगदी शहरातल्या मुलीबाळींच्या तोंडीही बसली. २०१८ साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. ज्या बाईला सही करता येत नव्हती तिचे नाव आता हजारो मुलामुलींच्या पदव्यांवर छापले जाते.

अशा बाया पुष्कळ असतील, हे ओळखून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ ह्यांनी १९८० नंतरच्या काळात महाराष्ट्रातल्या खेडोपाडी सहकाऱ्यांसह फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आकडा वाचून मी बोटे मोजायचे सोडून दिले.

हे वाचल्यावर मला माझ्या सासूबाईंची आठवण झाली. त्यांना कितीतरी ओव्या येत. कांडण-दळण गेले तरी पापड लाटताना त्या म्हणत, आणि मी त्या वेळी दूरदर्शनचा आवाज मोठा करीत असे. त्या गेल्यावर आठवू लागले तर धड तीन ओव्याही पुऱ्या होईनात. हे लिहिताना लाज वाटते, पण खरे आहे ते लिहिले.

माझी आई अजून आहे, सत्तरी ओलांडलेली. यंदा आखजीला माहेरी गेले तेव्हा वही नि पेन्सिल घेऊनच गेले. ओटीवर बसवून तिला ओव्या सांग म्हटले, तर तिला एक आठवेना. डोळे मिटून बसली, पदराने तोंड पुसले, आपण म्हातारे झालो म्हणून कष्टी झाली. शेवटी भावाने जिन्याखालचे जुने जाते ओढून बाहेर काढले. हल्ली ते हळदीच्या दिवशी पूजेपुरतेच निघते. वहिनीने ते धुऊन पुसले, सुपात मूठभर गहू आणले. आईने पाय लांब केला, खुंट्यावर हात ठेवला, दोन फेरे नुसतेच फिरवले. तिसऱ्या फेऱ्याला तिच्या तोंडून तिच्या आईच्या नावाची ओवी निघाली. मग थांबेचना. वहिनी वैरण घालीत होती, मी लिहीत होते, आणि गहू संपला तेव्हा वहीत अकरा ओव्या झाल्या होत्या. दोन ओव्यांतले शब्द मला नीट ऐकू आले नाहीत. त्या ओळींची जागा मोकळी सोडली आहे. दिवाळीला जाईन तेव्हा पुन्हा गहू घालू.