दोन वेळच्या जेवणाचे गणित मांडणारा माणूस

रोजा सुटण्याची वेळ जवळ आली की नांदेडच्या इतवाऱ्यात आणि लातूरच्या गंजगोलाई परिसरात भजी, समोसे, शरबत घेणाऱ्यांची गर्दी होते. सहर आणि इफ्तार अशा दोनच वेळी जेवण्याची शिस्त रमजान महिनाभर पाळली जाते. दोनच वेळा जेवण्याची हीच सवय धर्म कोणताही असो, निव्वळ आरोग्यासाठी वर्षभर लावून घ्यावी, असे विदर्भातल्या एका विद्वान डॉक्टरांनी सांगितले होते. ते म्हणजे डॉ. श्रीकांत जिचकार.

१९५४ साली काटोलजवळच्या आजनगावात एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आधी ते डॉक्टर झाले, पण शिक्षण तिथे थांबले नाही. कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, संस्कृत आणि कितीतरी विषयांत त्यांनी २० पदव्या मिळवल्या. १९७३ ते १९९० या काळात त्यांनी विद्यापीठाच्या ४२ परीक्षा दिल्या. आयपीएस आणि आयएएस या दोन्ही सेवांत त्यांची निवड झाली. दोन्हींचा राजीनामा देऊन १९८० मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते आमदार झाले. पुढे राज्यात मंत्री आणि राज्यसभेचे खासदारही झाले.

एवढा व्याप सांभाळूनही वाढते वजन आणि मधुमेह या प्रश्नाचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि सोप्या मराठीत व्याख्याने दिली. त्यांची मांडणी अशी होती : आपण काही खाल्ले की शरीरात इन्सुलिन तयार होते. दिवसभर थोडे थोडे खात राहिले की त्याची पातळी सतत वाढलेली राहते आणि साठलेली चरबी वापरलीच जात नाही. म्हणून खरी भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवावे आणि मधल्या वेळेत तोंड बंद ठेवावे. रोजात पाणीही वर्ज्य असते. जिचकारांच्या पद्धतीत मात्र पाण्याला बंदी नाही. या उपायाला एक पैसाही लागत नाही, हे त्याचे मोठेपण.

२ जून २००४ रोजी नागपूरजवळ कोंढाळी येथे मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. पण त्यांच्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रण मागे राहिले. ते ऐकून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी आधी स्वतःचे वजन आठ किलोने कमी केले आणि मग गावोगाव त्याचा प्रसार केला. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत संपवायचे आणि रोज ४५ मिनिटे झपाझप चालायचे, असे नियम त्यांनी घालून दिले. आज घरोघरी ‘दीक्षित डाएट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे मूळ जिचकारांच्या त्या व्याख्यानात आहे.

सगळ्याच आहारतज्ज्ञांना ही पद्धत मान्य नाही. मुले, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी ती नाहीच; मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. रोजा ठेवतानाही हेच लागू आहे.

तरीही त्यातला एक धडा घरातल्या सर्वांसाठी आहे. एकट्या वडिलांनी पथ्य पाळायचे आणि बाकीच्यांनी त्यांच्यासमोर फरसाणाची पुडी फोडायची, असे केले तर पथ्य आठवडाभरही टिकत नाही. चहात साखर कमी, शीतपेयाऐवजी पाणी किंवा ताक, मैद्याऐवजी ज्वारीची भाकरी, जेवण झाल्यावर मुलांसह फेरफटका, हे बदल सगळ्या घराने मिळून केले तरच अंगवळणी पडतात.

रमजानमध्ये हे सोपे जाते, कारण तेव्हा आख्खे घर एकाच वेळी उठते आणि एकाच दस्तरखानावर जेवते. मात्र इफ्तारपासून सहरपर्यंत तळलेले आणि गोड खाणे चालूच राहिले, तर महिना संपताना वजन वाढलेलेच दिसते. खजूर, फळे, चणे आणि पोटभर साधे जेवण, मग तरावीहसाठी मशिदीपर्यंत पायी जाणे, एवढे केले तरी पुष्कळ. आणि ईदचा शीरखुर्मा खाऊन झाला की दुसऱ्या दिवसापासून अधूनमधून खाण्याची जुनी सवय पुन्हा घरात येऊ द्यायची नाही.