महामहोपाध्याय बापूदेवशास्त्री : पत्रिका आणि जीवनकार्य

मनुष्यजन्म लाभला तो कोणत्या कार्यासाठी, हा प्रश्न विचारशील माणसास केव्हा ना केव्हा पडतोच. आपल्या पांढुर्णा-सौंसर भागात मूल शाळा संपवून पुढील मार्ग निवडू लागले, की आईवडील त्याची पत्रिका घेऊन पुरोहिताच्या दारी येतात आणि ह्याने आयुष्यात काय करावे, असे विचारतात. पुरोहिताच्या घरात वाढल्यामुळे हा प्रश्न आमच्या नित्य परिचयाचा आहे. म्हणून ज्यांनी ज्योतिषास आपले सारे आयुष्य वाहिले, अशा एका थोर मराठी पंडिताचे चरित्र सभासद-कुटुंबांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते पंडित म्हणजे काशीचे बापूदेवशास्त्री.

शास्त्रीबुवांचा जन्म १८२१ साली एका महाराष्ट्रीय ब्राह्मण कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव नृसिंह व वडिलांचे नाव सीताराम. त्यांचे बालपणीचे शिक्षण नागपुरास झाले. त्या काळी नागपुरास भोसल्यांचे राज्य होते व आपला छिंदवाड्याकडील मुलूखही त्याच राज्यात मोडत असे. नागपुरात ढुंढिराज मिश्र नावाच्या पंडितांपाशी बसून ह्या मुलाने भास्कराचार्यांची लीलावती व बीजगणित हे ग्रंथ अभ्यासिले. आकड्यांचे वेड लागले ते तेथेच.

१८३८ साली त्यांच्या आयुष्यास वळण मिळाले. भोपाळनजीक सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज पोलिटिकल एजंट होते. सूर्यसिद्धान्त व सिद्धान्तशिरोमणि ह्या आपल्याच ग्रंथांच्या आधारे लोकांस खगोलाचे खरे ज्ञान द्यावे, अशी त्यांची धारणा होती. सिहोरच्या पाठशाळेतील सुबाजी बापू ह्या महाराष्ट्रीय पंडितांनी तर ह्याच विषयावर सिद्धान्तशिरोमणिप्रकाश हा ग्रंथ मराठीत लिहिला. विल्किन्सन ह्यांनी सोळा-सतरा वर्षांच्या बापूदेवांची गणितातील गती पाहिली आणि त्यांस सिहोरास नेले. आज नागपूरहून भोपाळकडे जाणारा हमरस्ता आपल्या पांढुर्ण्यावरूनच जातो. त्या रस्त्याच्या दोन टोकांशी ह्या पंडिताचे विद्यार्थिजीवन घडले, हे आपण अभिमानाने स्मरावे. सिहोरास त्यांनी सेवाराम ह्या पंडितांपाशी सिद्धान्तग्रंथ अभ्यासिले व पाश्चात्त्य गणिताचाही परिचय करून घेतला.

१८४२ च्या सुमारास ते काशीच्या संस्कृत पाठशाळेत अध्यापक झाले. १७९१ साली स्थापन झालेली ही पाठशाळा आज संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय म्हणून ओळखली जाते. तेथे त्यांनी सुमारे अर्धे शतक विद्यादान केले. सूर्यसिद्धान्ताचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ साली कलकत्त्यास प्रसिद्ध झाले. त्याच ग्रंथात दिवंगत विल्किन्सन ह्यांचे सिद्धान्तशिरोमणीचे भाषांतरही त्यांनी शुद्ध करून छापविले. गुरुऋण फेडण्याची ही रीत किती उदात्त! ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्यांनी चलनकलनाचे मूळ तत्त्व ओळखले होते, हे त्यांनी विद्वानांच्या नजरेस आणून दिले. सरकारने त्यांस १८७८ साली सी. आय. ई. व १८८७ साली महामहोपाध्याय ह्या पदव्या दिल्या.

त्यांच्या कार्याची खरी कसोटी पंचांगात लागली. १५२० साली गणेश दैवज्ञांनी रचलेल्या ग्रहलाघवावरून महाराष्ट्रातील पंचांगे होत असत. ग्रंथ उत्तम, परंतु तीन शतकांत सूक्ष्म अंतरे साचत गेली व पंचांगातील ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळेनासे झाले. चंद्र व सूर्य ह्यांच्यातील बारा अंशांच्या अंतरास आपण एक तिथी म्हणतो. ह्या अंतरात एका अंशाची चूक झाली, तर तिथी संपण्याची वेळ सुमारे दोन तासांनी चुकते. एकादशी, श्राद्धतिथी, पोळ्याची अमावास्या व दुसऱ्या दिवशीची जाम नदीवरील गोटमार, सारे ह्याच गणितावर अवलंबून आहे. १८६५ पासून केरोपंत छत्रे ह्यांच्या गणिताने महाराष्ट्रात नवे पंचांग निघू लागले होते. पुढील दशकात बापूदेवशास्त्र्यांनीही इंग्रजी नाविक पंचांगाच्या आधारे काशीत शुद्ध पंचांग काढिले. परंपरेच्या माहेरघरी असे धाडस करणे सोपे नव्हते. शास्त्र आकाशाशी जुळलेच पाहिजे, ह्या निष्ठेने त्यांनी ते केले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ज्योतिषाचे सिद्धान्त, संहिता व होरा असे तीन स्कंध आहेत. पत्रिकेचे फल सांगतो तो होरास्कंध. परंपरेप्रमाणे लग्न, पंचम व नवम ही धर्माची स्थाने आणि दशम हे कर्माचे स्थान मानितात. त्यावरून मनुष्याचा कल पाहण्याची चाल आहे. परंतु ह्या साऱ्या इमारतीचा पाया गणिताचा. लग्न सुमारे चार मिनिटांस एक अंश सरकते व दोन तासांत रास बदलते. जन्मवेळ अंदाजाने सांगावयाची, पंचांग हाती लागेल ते घ्यावयाचे आणि त्यावरून मुलाच्या आयुष्याचा निर्णय करावयाचा, ह्यास शास्त्र कसे म्हणावे?

पत्रिका शुद्ध असली, तरी ती पाहून मुलाची आवड नाकारणे आम्हांस योग्य वाटत नाही. बापूदेवांचे जीवनकार्य कसे प्रकट झाले ते पाहावे. नागपुरात गुरूंनी ग्रंथ हाती दिला, सिहोरास गुणग्राही मनुष्य भेटला आणि पुढील पन्नास वर्षे त्यांनी स्वतः कष्ट केले. आपल्या घरातील मुलगा वा मुलगी कशात रमते, कोणत्या कामात तिला भूक-तहान आठवत नाही, हे आईवडिलांनी प्रथम पाहावे. पत्रिका उघडावयाची तर त्यानंतर उघडावी, आणि तीही आशीर्वाद देण्यासाठी, वाट अडविण्यासाठी नव्हे.

१८९० साली शास्त्रीबुवा निवर्तले. काशीत त्यांच्या जागी सुधाकर द्विवेदींसारखे विद्वान आले. पंचांगशुद्धीचा प्रश्न स्वातंत्र्यानंतर भारत सरकारनेही हाती घेतला व २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. पंचांग उघडून तिथी पाहताना ह्या मराठी पंडिताचे स्मरण आपल्या घरोघरी व्हावे, एवढीच आमची इच्छा.