लुई बाशेलिए

लुई ज्यां-बाप्तिस्त आल्फोन्स बाशेलिए (जन्म : ११ मार्च १८७०, ल आव्र, फ्रान्स, मृत्यू : २८ एप्रिल १९४६) हे फ्रेंच गणितज्ञ होते. रोखे बाजारातील किमतींच्या चढउताराचा संभाव्यताशास्त्राच्या आधारे अभ्यास करणारे ते पहिले संशोधक मानले जातात. सामान्य गुंतवणूकदारांसाठी पुढे निर्माण झालेल्या इंडेक्स फंडांमागील सैद्धान्तिक विचाराचा उगम त्यांच्या संशोधनापर्यंत मागे नेता येतो. हयातीत मात्र त्यांच्या कार्याची पुरेशी दखल घेतली गेली नाही.

सुरुवातीचे जीवन

बाशेलिए यांचे वडील मद्याचे व्यापारी होते व ल आव्र येथे व्हेनेझुएलाचे उपवाणिज्यदूत म्हणूनही काम पाहत. त्यांची आई बँक व्यावसायिकाच्या घराण्यातील होती. १८८९ मध्ये आई-वडील दोघांचेही निधन झाल्यामुळे कौटुंबिक व्यवसायाची, तसेच बहीण व लहान भावाची जबाबदारी बाशेलिए यांच्यावर आली आणि शिक्षणात खंड पडला. त्यानंतर लष्करी सेवाही त्यांना करावी लागली. १८९२ मध्ये त्यांनी पॅरिसच्या सॉरबॉन विद्यापीठात प्रवेश घेतला.

प्रबंध

२९ मार्च १९०० रोजी बाशेलिए यांनी सट्टेबाजीच्या सिद्धान्तावरील आपला प्रबंध परीक्षक मंडळापुढे मांडला. आंरी प्वांकारे हे त्यांचे मार्गदर्शक होते. पॅरिसच्या बाजारात फ्रेंच सरकारच्या कर्जरोख्यांचे वायदे आणि ऑप्शन यांचे व्यवहार होत. तेच या प्रबंधाचे विषय होते.

बाजारात प्रत्येक क्षणी किंमत वाढेल असे मानणारे खरेदीदार आणि ती घटेल असे मानणारे विक्रेते समोरासमोर असतात. दोन्ही बाजूंची मते चालू किमतीत सामावलेली असतात. त्यामुळे सट्टेबाजाच्या नफ्याचे गणिती अपेक्षित मूल्य शून्य असते, असे बाशेलिए यांनी प्रतिपादन केले. किमतीची दिशा सांगता येत नसली तरी चढउताराचा संभाव्य आवाका सांगता येतो आणि तो काळाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो, हेही त्यांनी दाखवले. म्हणजेच चार दिवसांतील आवाका एका दिवसाच्या चौपट नसून दुप्पट असतो. यासाठी त्यांनी वापरलेले गणित आज ब्राउनीय गतीचे गणित म्हणून ओळखले जाते. आल्बर्ट आइन्स्टाइन यांचा ब्राउनीय गतीवरील लेख त्यानंतर पाच वर्षांनी, १९०५ मध्ये, प्रसिद्ध झाला.

प्वांकारे यांनी प्रबंधाच्या मौलिकतेची प्रशंसा केली. तथापि विषय तत्कालीन गणितज्ञांच्या नेहमीच्या विषयांपासून दूरचा होता. प्रबंधाला सर्वोच्च श्रेणी मिळाली नाही आणि त्यामुळे विद्यापीठातील पदाची वाट अवघड झाली.

अध्यापन आणि दिजों प्रकरण

१९०९ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत बाशेलिए सॉरबॉन येथे व्याख्याने देत असत. १९१२ मध्ये त्यांचा संभाव्यताशास्त्रावरील ग्रंथ, तर १९१४ मध्ये खेळ, योगायोग आणि दैव यांवरील सामान्य वाचकांसाठीचे पुस्तक प्रकाशित झाले. युद्धकाळात त्यांनी सैन्यात सेवा केली. युद्धानंतर बेझांसों, दिजों व रेन येथे त्यांनी तात्पुरत्या पदांवर अध्यापन केले.

१९२६ मध्ये त्यांनी दिजों येथील कायम पदासाठी अर्ज केला. तेथील प्राध्यापक मॉरिस जव्रे यांनी बाशेलिए यांच्या एका लेखातील कथित चूक दाखवून पॉल लेव्ही यांचे मत मागवले. लेव्ही यांनी बाशेलिए यांचे आधीचे कार्य विचारात न घेता चुकीच्या आरोपाला दुजोरा दिला. बाशेलिए यांना ते पद मिळाले नाही आणि या अन्यायाविरुद्ध त्यांनी निषेध नोंदवला. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षे होते. १९२७ मध्ये बेझांसों येथे त्यांची कायम प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली व १९३७ मध्ये ते निवृत्त झाले. रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव यांनी १९३१ च्या लेखात बाशेलिए यांचा उल्लेख केल्यानंतर लेव्ही यांना आपली चूक उमगली व दोघांत समेट झाला.

मरणोत्तर प्रभाव

१९५० च्या दशकात अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ लिओनार्ड सॅव्हेज यांनी बाशेलिए यांच्या कार्याकडे अर्थतज्ज्ञांचे लक्ष वेधले. त्यांपैकी पॉल सॅम्युएल्सन यांनी प्रबंध मिळवून वाचला. प्रबंधाचा इंग्रजी अनुवाद १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाशेलिए यांच्या प्रारूपात किंमत शून्याखालीही जाऊ शकत असे. सॅम्युएल्सन यांनी त्यात सुधारणा केली. १९६५ मध्ये सॅम्युएल्सन आणि यूजीन फामा यांनी स्वतंत्रपणे किमतींच्या यादृच्छिक हालचालींवर लेखन केले.

उपलब्ध माहिती किमतीत आधीच उतरलेली असेल, तर निवडक शेअर शोधून बाजारावर सातत्याने मात करणे कठीण ठरते आणि व्यवस्थापन शुल्क व दलाली यांमुळे परतावा आणखी घटतो. १९७४ मध्ये सॅम्युएल्सन यांनी संपूर्ण बाजाराचे अनुकरण करणाऱ्या अल्पखर्ची निधीची गरज मांडली. जॉन बोगल यांच्या व्हॅनगार्ड कंपनीने १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा इंडेक्स फंड सुरू केला. प्रारंभिक विक्रीत १५ कोटी डॉलरचे उद्दिष्ट असताना केवळ सुमारे १.१ कोटी डॉलर जमा झाले. पुढे मात्र ही पद्धत जगभर रूढ झाली.

बाशेलिए यांनी स्वतः अशा निधीची कल्पना मांडली नव्हती. तसेच बाजारातील मोठे चढउतार त्यांच्या प्रारूपाच्या अपेक्षेपेक्षा अधिक वेळा घडतात, हे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या गणिती वित्तशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला बाशेलिए यांचे नाव देण्यात आले. प्रबंधाच्या शताब्दी वर्षात, २००० मध्ये, या संस्थेचे पहिले जागतिक अधिवेशन पॅरिस येथे भरले.