हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) : मदिनेतील पहिले दिवस

हिजरतीचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. सौर पर्वतातील गुहा, कुबा येथील मुक्काम, मदिनावासीयांनी केलेले स्वागत, हे सारे आपल्याला पाठ आहे. परंतु स्वागत आटोपल्यानंतरच्या सकाळी काय झाले, याचा विचार आपण क्वचितच करतो. ज्यांच्या घरचा मुलगा कोकणातून आखातात नोकरीसाठी गेला आहे, त्यांना तो विचार सुचेल. परमुलखातील पहिले दिवस कसे असतात, हे त्या घरांना ठाऊक असते.

मक्का ही ओसाड खोऱ्यात वसलेली व्यापारी नगरी. तेथे शेती नव्हती आणि कुरैश लोकांचे पोट काफिल्यांवर चाले. मदिना अगदी वेगळी. काळ्या ज्वालामुखी खडकांच्या दोन पट्ट्यांमधील ही वस्ती खजुरांच्या बागांची आणि विहिरींची होती. मक्केच्या माणसाला खजुराची निगा राखणे येत नव्हते आणि तेथील हवाही त्याला मानवेना. हजरत आयशा (रजि.) सांगतात की मदिना तेव्हा तापाच्या साथीने ग्रासलेली होती. हजरत अबू बकर (रजि.) आजारी पडले, हजरत बिलाल (रजि.) आजारी पडले. ताप उतरला की बिलाल (रजि.) मोठ्याने मक्केच्या डोंगरांची, तेथील पाण्याची आणि इजखिर नावाच्या सुगंधी गवताची आठवण काढीत. ज्या मक्केने त्यांना तापलेल्या वाळूवर झोपवले, तिचीच ही ओढ! प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्या ओढीबद्दल कोणाला दोष दिला नाही. मदिनाही मक्केइतकीच, किंबहुना अधिक, प्रिय व्हावी आणि तिची हवा निरोगी व्हावी, अशी दुआ त्यांनी केली.

चालीरीतीही निराळ्या होत्या. हजरत उमर (रजि.) यांच्या लक्षात आले की कुरैशांच्या घरात पुरुषांचा शब्द चाले, तर अन्सारांच्या घरात स्त्रिया पतीला उलट उत्तर देत. मुहाजिरांच्या स्त्रिया थोड्याच दिवसांत ते शिकल्या आणि स्वतः उमर (रजि.) यांच्या पत्नीनेही त्यांना तसेच उत्तर दिले, तेव्हा ते चकित झाले.

अशा या नगरीत इ.स. 622 मध्ये अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) आले. ते कुरैशांच्या बनू जुहरा घराण्यातले. हत्तीच्या घटनेनंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांचा जन्म झाला. अज्ञानकाळातील त्यांचे नाव अब्द अम्र होते, अब्दुर्रहमान हे नाव प्रेषितांनी (स.) दिले. अबू बकर (रजि.) यांच्या सांगण्यावरून ज्यांनी अगदी आरंभी ईमान स्वीकारले, त्यांपैकी ते एक. परका देश त्यांना नवा नव्हता, कारण त्यापूर्वी ते हबशाची हिजरत करून आले होते. व्यापारात त्यांचा हात बसलेला होता. पण मदिनेत त्यांच्यापाशी भांडवल नव्हते.

प्रेषितांनी (स.) मुहाजिर आणि अन्सार यांच्यात बंधुत्वाचे नाते जोडून दिले. अब्दुर्रहमान (रजि.) यांच्या वाट्याला खजरज कबिल्यातील सअद बिन रबीअ (रजि.) हे भाऊ आले. सअद (रजि.) यांनी नव्या भावाला सांगितले की अन्सारांत मी सर्वाधिक धनवान आहे, माझी निम्मी संपत्ती तुमची. मला दोन पत्नी आहेत. त्यांपैकी जिला तुम्ही पसंत कराल तिला मी तलाक देतो आणि इद्दत संपल्यावर तुम्ही तिच्याशी निकाह करा. आजच्या वाचकाला या प्रस्तावाचा दुसरा भाग खटकेल आणि तो खटकणे स्वाभाविक आहे. त्या काळच्या कबिल्यांच्या रिवाजातून तो आला होता. मात्र त्यामागील मनाचा मोठेपणा ओळखावा, सअद (रजि.) यांनी हातचे काहीही राखून ठेवले नव्हते.

अब्दुर्रहमान (रजि.) यांनी भावाच्या घरासाठी आणि धनासाठी बरकतीची दुआ केली आणि फक्त बाजाराची वाट विचारली. त्यांना बनू कैनुका या यहुदी कबिल्याचा बाजार दाखवण्यात आला. संध्याकाळी परतताना त्यांच्यापाशी नफ्यातून उरलेले थोडे तूप आणि सुकवलेल्या दह्याचे गोळे होते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशीही गेले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्यांच्या नकारात अहंकार नव्हता. ते सअद (रजि.) यांच्या घरी राहिले, त्यांचे अन्न खाल्ले, त्यांना भाऊ मानले. इतर मुहाजिरांबाबतही असेच घडले. अन्सारांनी आपल्या खजुरांच्या बागा वाटून घेण्याचा आग्रह धरला, तेव्हा प्रेषितांनी (स.) तो मान्य केला नाही. मग बागेतील काम मुहाजिरांनीही करावे आणि फळ वाटून घ्यावे, असे ठरले. देणाऱ्याची बागही राहिली आणि घेणाऱ्याची मानही ताठ राहिली.

काही दिवसांनी अब्दुर्रहमान (रजि.) प्रेषितांसमोर (स.) आले, तेव्हा त्यांच्या अंगावर केशरी सुगंधाचा पिवळा डाग होता. प्रेषितांनी (स.) विचारपूस केली, तेव्हा समजले की त्यांनी एका अन्सारी स्त्रीशी निकाह केला आहे आणि महर म्हणून खजुराच्या बीइतक्या वजनाचे सोने दिले आहे. मग वलीमा कर, एक बकरी कापूनच का होईना, असा आदेश त्यांना मिळाला. निकाह पढवताना मला हा प्रसंग नेहमी आठवतो. विशेषतः वलीम्यासाठी कर्ज काढल्याचे मुलाचे वडील माझ्या कानात सांगतात तेव्हा.

परंतु जुना देश एवढ्या लवकर सुटत नाही, वाचकहो. मक्केत अब्दुर्रहमान (रजि.) यांची मालमत्ता मागे राहिली होती. तिच्या देखरेखीसाठी त्यांनी उमय्या बिन खलफ याच्याशी लेखी करार केला. मक्केतील यांचे त्याने सांभाळावे, मदिनेतील त्याचे यांनी सांभाळावे. उमय्याने रहमान हा शब्द लिहू दिला नाही, म्हणून करारावर अब्द अम्र हे जुनेच नाव पडले. हा तोच उमय्या, ज्याने बिलाल (रजि.) यांचा छळ केला होता. बद्रच्या दिवशी अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्याला वाचवण्याचा प्रयत्न केला. बिलाल (रजि.) यांनी त्याला पाहिले आणि अन्सारांना हाक दिली. अब्दुर्रहमान (रजि.) त्याच्या अंगावर आडवे पडले, तरी तलवारी खालून गेल्या. उमय्या ठार झाला आणि त्यांच्या स्वतःच्या पायाला जखम झाली. तिचा वण ते पुढे लोकांना दाखवीत.

पुढच्याच वर्षी, हिजरी 3 मध्ये, उहुदच्या रणांगणावर सअद बिन रबीअ (रजि.) शहीद झाले. त्यांच्या दोन मुली होत्या. रिवाजाप्रमाणे मुलींच्या चुलत्याने सारी मालमत्ता ताब्यात घेतली. विधवा माता प्रेषितांकडे (स.) आली आणि धनाशिवाय या मुलींचे निकाह कसे होणार, हे गाऱ्हाणे तिने मांडले. हजरत जाबिर (रजि.) यांच्या कथनानुसार याच प्रसंगी वारसाहक्काची आयत अवतरली. चुलत्याला बोलावून मुलींना दोन तृतीयांश, आईला एक अष्टमांश आणि उरलेले त्याला, अशी वाटणी झाली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी निम्मे न घेतलेले धन ते हेच. आपल्याकडे आजही बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या जातात, म्हणून हा प्रसंग सविस्तर सांगितला.

अब्दुर्रहमान (रजि.) यांचे पुढील आयुष्य वैभवात गेले. त्यांचा व्यापार वाढला आणि दानही वाढले. हिजरी 6 मध्ये ते दुमतुल जंदलच्या मोहिमेचे नायक झाले. उमर (रजि.) यांनी खलीफा निवडण्यासाठी नेमलेल्या सहा जणांत ते होते, त्यांनी स्वतःचे नाव मागे घेतले, रात्री जागून लोकांचे मत जाणून घेतले आणि उस्मान (रजि.) यांच्या हाती बैअत केली. हिजरी 32 मध्ये त्यांचे निधन झाले आणि ज्या मदिनेत ते रिकाम्या हाताने आले होते, तिच्याच बकीअ कब्रस्तानात ते विसावले.

एक संध्याकाळ मात्र सांगायची राहिली. ते रोज्याने होते आणि इफ्तारसाठी त्यांच्यापुढे अन्न मांडले गेले. त्यांना मुसअब बिन उमैर (रजि.) आठवले. मक्केतील हा लाडाकोडात वाढलेला तरुण सर्वांआधी मदिनेत कुरआन शिकवायला गेला होता आणि उहुदमध्ये शहीद झाला. त्याच्या कफनाला एकच चादर होती. डोके झाकले तर पाय उघडे पडत, पाय झाकले तर डोके. अखेर डोके झाकून पायांवर इजखिर गवत घालावे लागले. आपल्या सत्कर्मांचा मोबदला या जगातच तर चुकता होत नसेल ना, ही भीती अब्दुर्रहमान (रजि.) यांनी बोलून दाखवली आणि ते रडू लागले. पुढ्यातील अन्न तसेच राहिले.