आजारी माणसाची बाग

दीर्घ आजाराच्या रुग्णाला तपासून झाले, गोळ्या लिहून झाल्या, पथ्य समजावून झाले की तो उठतो, दारापर्यंत जातो आणि मागे वळून विचारतो, की आता दिवसभर घरी बसून करायचे काय. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बाहेर रांग असते आणि या प्रश्नाला केसपेपरवर रकाना नसतो. अशा वेळी मला चार्ल्स डार्विन आठवतो. उत्क्रांतीचा सिद्धांत मांडणारा शास्त्रज्ञ म्हणून आपण त्याला ओळखतो. पण तो सुमारे चाळीस वर्षे आजारी असलेला एक रुग्णही होता, हे फारसे लक्षात घेतले जात नाही.

डार्विनचा जन्म १८०९ चा. वडील डॉक्टर, आजोबाही डॉक्टर. साहजिकच १८२५ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यालाही वैद्यक शिकायला एडिंबरोला पाठवले गेले. तेव्हा भूल देण्याची सोय नव्हती. एका लहान मुलावरची शस्त्रक्रिया त्याला बघवली नाही, तो तिथून निघून गेला आणि दोन वर्षांत वैद्यकाचे शिक्षणही सुटले. पुढे १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे तो ‘बीगल’ जहाजावरून जगभर फिरला. डोंगर चढला, घोड्यावरून लांबलांबचे प्रवास केले. प्रकृतीने दणकट असलेला हा तरुण परतल्यावर मात्र काही वर्षांतच आजारी पडला.

पोटाचे विकार, उलट्या, छातीत धडधड, डोकेदुखी, अंगावर पुरळ, विलक्षण थकवा. पाहुण्यांशी तासभर बोलला तरी रात्र वाईट जायची. त्या काळच्या नामांकित डॉक्टरांचे उपचार झाले, थंड पाण्याचे उपचार झाले. थोडे दिवस बरे वाटायचे आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्याला नेमके काय झाले होते, यावर डॉक्टरांचे आजही एकमत नाही.

लंडनची दगदग झेपेना, म्हणून १८४२ मध्ये तो पत्नी एमा आणि मुलांसह केंट परगण्यातील डाउन या लहानशा खेड्यात राहायला गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. घराभोवती बाग होती, भाजीचा वाफा होता, पलीकडे कुरण. काही वर्षांनी त्याने शेजारची जमिनीची एक पट्टी भाड्याने घेतली, तिच्यात झाडे लावली आणि भोवताली फिरण्यासाठी वाट केली. ही वाट ‘सँडवॉक’ नावाने प्रसिद्ध आहे. वाटेच्या तोंडाशी गारगोटीचे दगड रचून ठेवायचे आणि एक फेरी झाली की एक दगड पायाने बाजूला सारायचा. म्हणजे फेऱ्या मोजण्यात डोके अडकत नसे, ते पाहण्यासाठी आणि विचार करण्यासाठी मोकळे राही. सकाळी थोडे काम, मग विश्रांती, पुन्हा थोडे काम आणि दुपारच्या सुमारास बागेत फेरी. ताकद बेताचीच असल्याने दिवस असा लहान लहान तुकड्यांत वाटलेला असे.

बाग त्याच्यासाठी नुसती शोभेची नव्हती, तिथे रोज काही तरी घडत असे आणि ते त्याला पाहायचे असे. १८५७ मध्ये त्याने तीन फूट बाय दोन फुटांचा जमिनीचा तुकडा खणून साफ केला आणि तिथे उगवणारे प्रत्येक तण मोजायला सुरुवात केली. एकूण ३५७ रोपे उगवली. त्यांतली २९५ मुख्यत्वे गोगलगायी आणि किड्यांनी संपवली. जगण्यासाठीची धडपड किती तीव्र असते, हे त्याला या चटईएवढ्या जागेत दिसले. एकदा त्याने लहानशा तळ्याच्या काठचा तीन मोठे चमचे चिखल आणला आणि अभ्यासिकेत सहा महिने झाकून ठेवला. रोप उगवले की उपटायचे आणि मोजायचे. तेवढ्या चिखलातून ५३७ रोपे निघाली! पाणपक्ष्यांच्या पायांना लागलेल्या चिखलातून बिया दूरवर कशा पोहोचत असतील, याचा अंदाज त्यावरून आला. भुंगे बागेतून कोणत्या वाटेने उडतात हे शोधताना त्याने मुलांना ठिकठिकाणी उभे केले. भुंगा दिसला की तिथल्या मुलाने ओरडायचे. शास्त्रही झाले आणि मुलांचा खेळही.

अंथरुणाला खिळल्यावरही हे पाहणे थांबले नाही. बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप या वेलाची कुंडी त्याने आजारपणात खोलीत ठेवून घेतली. वेलाचे टोक आधार शोधत हवेत गोल फिरते. ते किती वेळात एक फेरी पुरी करते, याच्या नोंदी तो करत राहिला. उबदार हवेत, दिवसा, एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटे लागतात, असे त्याने काढले. खोलीबाहेर पडता न येणारा माणूस वेलाच्या फेऱ्या मोजत होता. त्यातून १८६५ मध्ये वेलींवरचा मोठा निबंध तयार झाला. आपल्याकडे पावसाळ्यात कास पठारावर दिसणारी दवबिंदू ही कीटकभक्षी वनस्पती, तिच्या कुळातील तिकडच्या रोपांवर त्याने अशीच वर्षानुवर्षे निरीक्षणे केली.

या घराने दुःखही पाहिले. दहा मुलांपैकी तीन लहानपणीच गेली. १८५१ मध्ये लाडकी ॲनी दहा वर्षांची असताना गेली, तो घाव कधीच भरला नाही. बागेने आजार बरा केला नाही, तसे हे दुःखही पुसले नाही. डॉक्टर म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे, कारण बागकाम केले की सगळे आजार पळतात, असे सांगणारे संदेश हल्ली मोबाइलवर फिरत असतात. बागेने त्याला एवढेच दिले, की कालचे काम आज कुठवर आले हे पाहण्यासाठी सकाळी उठावेसे वाटावे. माझ्या मते हे थोडके नाही.

त्याचे शेवटचे पुस्तक होते गांडुळांवर. १८४२ च्या डिसेंबरात त्याने घराजवळच्या शेताच्या एका भागावर खडूचे तुकडे पसरवून ठेवले होते. २९ वर्षे थांबून १८७१ मध्ये तिथे चर खणला, तेव्हा खडूचा पांढरा थर ७ इंच खाली गेलेला दिसला. खालची माती गांडुळे गुपचूप वर आणून टाकत होती. म्हातारपणी त्याने गांडुळे कुंड्यांत पाळली. त्यांना ऐकू येते का, हे पाहण्यासाठी शिट्टी वाजवली, जवळच पियानो जोरात वाजवला. गांडुळे ढिम्म! पण कुंडी पियानोवर ठेवून सूर वाजवताच ती बिळात शिरली. आवाज कळत नसला तरी कंप कळत होता. हे पुस्तक १८८१ च्या ऑक्टोबरात आले आणि त्याच्या हजारो प्रती खपल्या. १९ एप्रिल १८८२ रोजी, त्याच घरात, ७३ व्या वर्षी डार्विनचे निधन झाले.

आपल्यापैकी अनेकांकडे अंगण नाही, पण खिडकीत एक कुंडी मावते. दोडक्याची बी लावा. वेलीचा तो स्प्रिंगसारखा धागा सकाळी कुठे होता आणि संध्याकाळी कशाला बिलगला, ते तारीख घालून वहीत लिहा. मधुमेह असेल तर मातीत अनवाणी उतरू नका. माती हाताळताना हातमोजे घाला, जखम झाली तर अंगावर काढू नका. आणि गोळ्या चालू ठेवा. दारातून मागे वळणाऱ्या रुग्णाला मी हल्ली एवढेच सांगतो आणि पुढच्या तपासणीला येताना फायलीसोबत ती वहीही आणायला सांगतो.