अहेरीची राणी आणि मोलमपल्लीचा बाबूराव

सौंदडच्या स्टेशनावरून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली की वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, मूल असं करत चांदा फोर्ट येतं. पूर्वी ही छोटी लाइन होती. खिडकीतून आधी धानाच्या बांध्या दिसतात, मग जंगल सुरू होतं. ऑक्टोबरात हलका धान पिवळा पडायला लागतो आणि त्याच दिवसांत, २१ तारखेला, चंद्रपूरच्या कारागृहातल्या पिंपळापाशी माणसं गोळा होतात. तिथे १८५८ साली बाबूराव पुलेश्वर शेडमाके यांना फाशी दिली गेली. वय अवघं पंचवीस!

मैत्रिणींनो, १८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर आणि झाशी आठवते. शाळेत आपण तेवढंच पाठ केलं. आपल्या अंगणातलं मात्र राहूनच गेलं. म्हणून आज बाबूरावांबद्दल लिहायचं ठरवलं. आणि त्यांच्याबरोबर आणखी एका बाईबद्दल, जिचं नाव घेतलं की आजही कपाळाला आठ्या पडतात.

बाबूरावांचा जन्म १२ मार्च १८३३ चा, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. वडील पुलेश्वरबापू मोलमपल्लीचे गोंड जमीनदार, आई जुर्जाकुंवर. बालपण गोटुलात गेलं, नंतर त्यांना शिकायला रायपूरला धाडलं. त्या काळी जंगलातल्या घरातून मुलगा इतक्या लांब इंग्रजी शिकायला पाठवायचा, म्हणजे घरच्यांनी केवढा मोठा विचार केला असेल बघा. शिकून परत आले, राजकुंवरशी लग्न झालं. सुखाने जमीनदारी करत बसायला काहीच हरकत नव्हती.

पण तोवर नागपुरात उलथापालथ झाली होती. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी भोसले वारले, पोटी मुलगा नाही. इंग्रजांनी दत्तक नाकारला आणि १८५४ मध्ये सगळं राज्य खालसा केलं. राजवाड्यातले हत्ती-घोडेच काय, बायकांचे दागदागिनेसुद्धा लिलावात निघाले. त्याच कागदाच्या जोरावर चांद्याचं जंगलही कंपनीचं झालं. जंगलात राहणाऱ्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही.

हे काही आपल्याकडेच झालं असं नाही. त्याच्या शंभर वर्षं आधी उत्तर अमेरिकेच्या जंगलांसाठी फ्रेंच आणि इंग्रज असेच झुंजले. १७६३ मध्ये पॅरिसला तह झाला. फ्रेंचांनी तो मुलूख इंग्रजांना देऊन टाकला, आणि ज्यांची ती भूमी होती त्यांना कळलं ते नंतर. ओडावा जमातीचा पॉन्टियॅक चिडून उठला, त्याने डेट्रॉइटच्या किल्ल्याला महिनोन् महिने वेढा घातला. दुसऱ्या एका किल्ल्यावर तर इंग्रजांनी वाटाघाटीला आलेल्या तिथल्या माणसांच्या हाती देवीच्या रोग्यांची पांघरुणं दिली. वाचताना अंगावर काटा येतो.

तर आपले बाबूराव. त्यांनी सप्टेंबर १८५७ मध्ये गोंड, माडिया आणि इतर तरुण मिळून पाचशेजणांची जंगोम सेना उभी केली. ७ मार्च १८५८ ला राजगड परगणा घेतला. तिथला जमीनदार रामशहा गेडाम इंग्रजांच्या बाजूचा, तो मारला गेला. तोही गोंडच, हे विसरून चालणार नाही. १३ मार्चला नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या फौजेशी गाठ पडली आणि इंग्रजांना माघार घ्यावी लागली. अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव येऊन मिळाले. गढी सुर्ल्याच्या डोंगरावरून या पोरांनी खाली फौजेवर मोठमोठे धोंडे लोटले. तोफा नव्हत्या ना, मग जे हाताशी होतं ते!

एप्रिलच्या २९ तारखेला प्राणहितेकाठच्या चिंचगुंडीला तारायंत्राच्या छावणीवर हल्ला झाला. त्यात गार्टलँड आणि हॉल हे दोन इंग्रज कर्मचारी मेले, तिसरा, पीटर, निसटला आणि त्याने क्रिक्टनला खबर दिली. तारायंत्र म्हणजे त्या काळचा फोन. बंडाची बातमी फौजेपर्यंत त्याच्यावरूनच जायची. पण लढवय्या सोडून कामावरची माणसं मारली गेली, ही बाजूही सांगायलाच हवी. इथून पुढे इंग्रज हात धुऊन मागे लागले. एक हजार रुपयांचं बक्षीस लावलं, तरी बाबूराव काही सापडेनात.

मग क्रिक्टनने अहेरीच्या जमीनदारीण राणी लक्ष्मीबाईंवर दाब टाकला.

झाशीच्या लक्ष्मीबाई त्याच वर्षी जूनमध्ये रणात पडल्या. या लक्ष्मीबाईंनी सप्टेंबरमध्ये आपल्याच जातभाईला पकडून दिलं. एकच नाव, एकच साल. त्यांच्या रोहिल्यांनी भोपाळपट्टणमला बाबूरावांना झोपेत पकडलं होतं, पण ते त्यांनाच समजावून निसटले. १८ सप्टेंबरला पुन्हा धरले गेले, ते कायमचेच. बक्षीस म्हणून मोलमपल्लीची आणि अडपल्ली-घोटची गावं राणीला मिळाली.

फितुरी ती फितुरीच, मी तिची बाजू घेत नाही. पण नागपूरच्या वृद्ध बाकाबाईंनीही १८५७ मध्ये भोसल्यांच्या माणसांना उठू दिलं नव्हतं. डोळ्यांदेखत राजवाडा लिलावात गेलेला. आपलीही जमीनदारी जाणार, या भीतीने लक्ष्मीबाईंचं मन डळमळलं असेल, तर ते मला समजतं. दुसऱ्याची गावं पदरात घेतली, ते मात्र समजत नाही.

फाशीबद्दल लोक वेगळंच सांगतात. बाबूरावांनी वेळूचं दुर्मीळ फूल, ताडवा, खाल्लं होतं म्हणे. त्यामुळे अंगात अशी ताकद आली की फास पुन्हा पुन्हा सुटला, शेवटी इंग्रजांनी देह चुन्यात टाकला. आख्यायिकाच ती. पण पंचवीस वर्षांचं पोर असं सहजासहजी गेलं, हे गावोगावच्या आयाबायांच्या मनाला पटलंच नसेल. त्यानंतर अकराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राणी व्हिक्टोरियाचा माफीचा जाहीरनामा निघाला. इंग्रजांच्या खुनात हात असलेल्यांना तो लागू नव्हता, त्यामुळे बाबूराव त्यात बसले नसतेच. व्यंकटराव बस्तरात पळाले होते, ते १८६० मध्ये सापडले आणि त्यांना जन्मठेप झाली.

१२ मार्च २००९ ला बाबूरावांवर टपाल तिकीट निघालं. तोवर त्यांच्या फाशीला दीडशे वर्षं होऊन गेली होती.

मागे चांद्याहून परतताना गाडीत शेजारी एक वयस्क गोंड बाई बसल्या होत्या. त्यांच्याजवळ बाबूरावांचा विषय काढला तर चेहरा खुलला. मोलमपल्ली कुठे, किष्टापूर कुठे, सगळं हाताने दाखवत बसल्या. मग मी अहेरीच्या राणीचं विचारलं. त्या गप्पच झाल्या. पदर सारखा केला, खिडकीबाहेर बघत राहिल्या. वडसा आलं तशी त्यांनी पिशवी उचलली, माझ्या हातावर दोन सीताफळं ठेवली आणि उतरून गेल्या.